पाच हिस्सेदार आणि यवतमाळचा चौथा रंग

नानांना जाऊन चाळीस दिवस झाले आणि घरात शेताच्या वाटणीचा विषय निघाला. नानी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. शेत दारव्हा तालुक्यातले, १८ एकरांचे, एकाच तुकड्यात, मध्ये विहीर. वारस पाच : चार मामू आणि आमची अम्मी. प्रत्येक मामूचे दोन वाटे आणि अम्मीचा एक, असे एकूण नऊ वाटे झाले. म्हणजे प्रत्येक मामूला ४ एकर आणि अम्मीला २ एकर. याबद्दल कुणाचेही दुमत नव्हते. भांडण झाले ते धुऱ्यांवरून.

नाना शेवटच्या आजारपणात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असत. वाटणी करा, पण अशी करा की प्रत्येकाचा धुरा प्रत्येकाला लागला पाहिजे. मध्ये तिसऱ्याचे शेत आले की भाऊ परका होतो. बापाची शेवटची इच्छा, तेव्हा ती पाळायचीच असे सर्वांनी ठरवले. रात्री जेवणे झाली की बडे मामू अंगणात काडीने शेताचा नकाशा काढायचे. मी तेव्हा आठवीत होते. वीज गेलेली असायची, म्हणून कंदील धरायचे काम माझ्याकडे होते.

पहिल्या रात्री त्यांनी सरळ पट्ट्या पाडल्या. पहिल्याचा धुरा दुसऱ्याला लागला, तिसऱ्याला लागला नाही. दुसऱ्या रात्री वाकडीतिकडी शेते काढून पाहिली. कुणाचे कोपऱ्यात वळलेले, कुणाचे दुसऱ्याला वळसा घालून गेलेले. चौघांचे जमले. पण पाचवा वाटा कुठेही बसवला तरी त्याचा धुरा तिघांनाच लागायचा, चौथा सुटायचा. तो लावायला गेले की दुसरे दोघे तुटायचे. तिसऱ्या रात्री मंझले मामू उठून उभे राहिले आणि म्हणाले, "भाईजान, दर वेळी मलाच का बाहेर ठेवता? तुमच्या मनात काय आहे ते सांगून टाका." बडे मामूंनी शपथ घेतली की मनात काही नाही. पण त्या रात्रीनंतर दोन भावांचे बोलणे बंद झाले.

पुढे मी शिकले, बीएड केले, गणिताची शिक्षिका झाले. तेव्हा कुठे मला कळले की बडे मामू पूर्णपणे निर्दोष होते. त्यांच्या काडीला जे काम सांगितले होते, ते जगातल्या कोणत्याही काडीला जमणारे नव्हते.

राजाचे पाच मुलगे

जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात मोबियस नावाचे एक गणिती होते. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके चिकटवली की जी 'मोबियस पट्टी' तयार होते, तिला यांचेच नाव आहे. सन १८४० च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक कोडे घातले. एका राजाला पाच मुलगे होते. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले की राज्याचे पाच भाग असे करावेत की प्रत्येक भागाची सीमा उरलेल्या चारही भागांना लागेल. मुलांनी ही वाटणी कशी करावी?

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. राजाच्या जागी मला नाना दिसत होते.

माझ्या वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही कोडी सोडवतो. तिथे मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा मुलींचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, राजाला मुलगी नव्हती का?" मी म्हटले, गोष्टीत नव्हती, आपल्या घरात होती. मग त्यांना अम्मीच्या शेताची हकिकत सांगितली आणि दोन अटी फळ्यावर लिहिल्या. पहिली अट : प्रत्येकाचा वाटा एकसंध हवा, दोन ठिकाणी तुकडे चालणार नाहीत. दुसरी अट : दोन शेते नुसत्या कोपऱ्याच्या टोकाला टेकली तर धुरा लागला असे म्हणायचे नाही. टरबुजाच्या गोल कापाच्या सर्व फोडी मधल्या टिंबाला टेकतात, म्हणून काही त्या सगळ्या शेजारी होत नाहीत. धुऱ्याला थोडी तरी लांबी हवी.

अर्ध्या तासात वह्या खोडून खोडून काळ्या झाल्या. कुणालाच जमले नाही. पण 'मला जमले नाही' आणि 'कुणालाच जमणार नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट सिद्ध करावी लागते. ती अशी सिद्ध होते, वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर करून पाहावे.

समजा पाच शेते खरेच एकमेकांना लागली आहेत. प्रत्येक शेतात एक विहीर आहे असे मानू. ज्या दोन शेतांचा धुरा एक आहे, त्यांच्या विहिरी जोडणारी एक पायवाट काढू. वाट पहिल्या शेतातून निघेल, मधला धुरा ओलांडेल आणि दुसऱ्या शेतातल्या विहिरीवर पोचेल. तिसऱ्याच्या शेतात ती पाऊल ठेवणार नाही. त्यामुळे अशा वाटा एकमेकींना कुठेही छेदणार नाहीत, अशा बेताने काढता येतात.

आता पहिल्या तीन विहिरी घ्या. त्यांच्या तीन वाटांनी एक कुंपण तयार झाले. चौथी विहीर या कुंपणाच्या आत असेल किंवा बाहेर. आत असेल तर तिच्यापासून तीन विहिरींकडे तीन वाटा जातील आणि आतल्या जागेचे तीन कप्पे होतील. बाहेरची जागा हा चौथा कप्पा. चौथी विहीर कुंपणाबाहेर असली तरी हिशोब तोच राहतो, चार कप्पेच होतात. आता नीट पाहा : प्रत्येक कप्प्याच्या कडेवर तीनच विहिरी आहेत. चौथी नेहमी पलीकडे राहते. पाचवी विहीर या चारपैकी कोणत्या तरी एका कप्प्यात पडणार. तिला पलीकडच्या विहिरीवर जायचे तर मधली एखादी वाट ओलांडावीच लागेल. आणि वाटा तर छेदायच्या नाहीत! म्हणून सपाट जमिनीवर पाच शेते एकमेकांना लागू शकत नाहीत. चार लागू शकतात, पाच कधीच नाही.

बडे मामूंच्या अंगणात नेमके हेच होत होते. पाचव्याचा एक धुरा सुटायचा, तो कुणाच्या बेइमानीमुळे नव्हे.

माझी चूक आणि आपला जिल्हा

इथपर्यंत माझे सारे बरोबर होते. पुढच्या शनिवारी मी घसरले.

त्या दिवशी विषय होता नकाशाच्या रंगांचा. शेजारशेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग द्यायचा नाही, एवढाच नियम. मग कोणताही नकाशा रंगवायला कमीत कमी किती रंग पुरतील? उत्तर आहे चार. नकाशा जिल्ह्यांचा असो, देशांचा असो की कल्पनेतला असो, चार रंग पुरतातच. एका मुलीने विचारले, असे का? मी फळ्याकडे वळून ऐटीत सांगितले, "मागच्या शनिवारी पाहिले ना? पाच प्रदेश एकमेकांना लागूच शकत नाहीत. मग पाचव्या रंगाची गरज पडेलच कशी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण ऐकायला सरळ होते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन उभी राहिली होती. ती बोटाने काहीतरी मोजत होती. जरा वेळाने ती म्हणाली, "मॅडम, लेकिन अपने जिल्हे को चार रंग लग रहे हैं. और चार जिल्हे आपस में लगे हुए तो कहीं नहीं हैं."

मी नकाशापाशी गेले. तुम्हीही घरातला नकाशा काढा.

यवतमाळ जिल्ह्याला सात शेजारी आहेत. अमरावतीपासून सुरुवात करून उजव्या हाताने फिरू. उत्तरेला अमरावती, मग वर्धा, पूर्वेला चंद्रपूर, दक्षिणेला तेलंगणातील आदिलाबाद, मग नांदेड, पश्चिमेला हिंगोली आणि वाशीम. वाशीमच्या पुढे पुन्हा अमरावती लागते. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांनी आपल्या जिल्ह्याची बरीचशी सीमा आखून दिली आहे आणि तिच्याभोवती या सात जिल्ह्यांचे कडे बसले आहे. कड्यातला प्रत्येक जिल्हा आपल्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांना लागलेला आहे आणि सातही जिल्हे यवतमाळला लागलेले आहेत.

आता रंग भरू. यवतमाळला पिवळा दिला. तो सातपैकी कुणालाही चालणार नाही. कड्याला लाल आणि हिरवा आळीपाळीने देऊ. अमरावती लाल, वर्धा हिरवा, चंद्रपूर लाल, आदिलाबाद हिरवा, नांदेड लाल, हिंगोली हिरवा, वाशीम लाल. आणि वाशीमच्या शेजारी अमरावती, तोही लाल! अडले. वाशीमला लाल चालत नाही, हिंगोलीमुळे हिरवा चालत नाही, यवतमाळमुळे पिवळा चालत नाही. निळ्याची डबी उघडावीच लागते.

हे सात या विषम संख्येमुळे होते. मी सात मुलींना हात धरून गोल उभे केले आणि 'एक-दोन, एक-दोन' म्हणायला लावले. सातवीच्या तोंडी 'एक' आले आणि तिच्या शेजारी पहिलीही 'एक'च होती. एक मुलगी बाजूला केली, सहा राहिल्या, की बरोबर जमले. शेजारी सम संख्येने असते तर आपला जिल्हा आणि त्याचे कडे तीन रंगांत उरकले असते. सात आहेत म्हणून चार लागतात.

गंमत म्हणजे मधल्या काळात शेजाऱ्यांची नावे बदलली, पण संख्या बदलली नाही. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम वेगळा झाला आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली. त्याआधी आपल्या पश्चिमेला अकोला आणि परभणी होते. आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होता, २०१४ मध्ये तो तेलंगणात गेला. तेव्हाही शेजारी सातच होते, आणि चौथा रंग तेव्हाही लागतच होता.

आता त्या मुलीचा मुद्दा लक्षात घ्या. यवतमाळ आणि त्याच्या सात शेजाऱ्यांत सगळे एकमेकांना लागलेले असे चार जिल्हे कुठेच नाहीत. यवतमाळ, अमरावती, वर्धा हे तीन एकमेकांना लागतात. चौथा वाशीम घ्यावा तर तो वर्ध्याला लागत नाही. चंद्रपूर घ्यावा तर तो अमरावतीला लागत नाही. सातही ठिकाणी हीच कथा. म्हणजे चार जिल्हे आपसांत लागलेले नसतानाही चार रंगांची गरज पडली. मग पाच प्रदेश आपसांत लागत नाहीत, एवढ्यावरून पाचव्या रंगाची गरज कधीच पडणार नाही असे कसे म्हणता येईल?

म्हणता येत नाही. मी सांगितलेले उत्तर बरोबर होते, पण कारण चुकीचे होते. वर्गात शांतता होती. मी डस्टर घेऊन फळ्यावरचे माझे वाक्य पुसले आणि म्हटले, "ही बरोबर आहे, मी चुकले." वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी फार वेळा उच्चारलेले नाही. त्या दिवशी ते जड गेले. पण नंतर त्या मुलींनी जितके प्रश्न विचारले, तितके त्याआधीच्या सबंध वर्षात विचारले नव्हते.

मोठ्यांच्याही चुका

घरी येऊन मी या प्रश्नाचा इतिहास पुन्हा वाचला, तेव्हा मनाला जरा धीर आला. या ठिकाणी माझ्यापेक्षा फार मोठे लोक घसरले आहेत.

फ्रान्सिस गथ्री नावाचा तरुण इंग्लंडमधील काउंट्यांचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचा, नकाशा रंगवत होता. त्याला दिसले की चार रंग पुरतात. नेहमीच पुरतील का, हे मात्र त्याला सिद्ध करता येईना. त्याचा भाऊ फ्रेडरिक लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत होता. त्याने २३ ऑक्टोबर १८५२ रोजी हा प्रश्न आपले प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांना विचारला. अकरावी-बारावीच्या मुलांना 'डी मॉर्गनचे नियम' माहीत असतात, ते हेच. त्यांचा जन्म आपल्याच देशातला, १८०६ साली मदुराईचा. विद्यार्थ्याचा प्रश्न सुटेना, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी आयर्लंडमधील प्रसिद्ध गणिती हॅमिल्टन यांना पत्र लिहिले. हॅमिल्टन यांनी इतक्यात त्यात लक्ष घालता येणार नाही असे कळवले.

पुढे १८७९ मध्ये आल्फ्रेड केम्पे यांनी सिद्धता छापली. केम्पे पेशाने वकील, पण गणिताचे शौकीन. त्यांची युक्तिवादाची पद्धत इतकी सुंदर होती की सगळ्यांनी ती मान्य केली. अकरा वर्षे ती मान्यच राहिली. १८९० मध्ये पर्सी हीवुड यांनी एक नकाशा काढून दाखवला, ज्यावर केम्पे यांची रीत अडकते. तो नकाशा चार रंगांत रंगवता येत होता. म्हणजे विधान खोटे पडले नव्हते, फक्त दिलेले कारण तुटले होते. अगदी माझ्या वर्गात झाले तसे. केम्पे यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीला ही चूक स्वतः कळवली आणि ती आपल्याला दुरुस्त करता येत नाही हेही सांगितले. हीवुड यांनी केम्पे यांचीच रीत वापरून पाच रंग नक्की पुरतात एवढे सिद्ध केले. चार की पाच, हा प्रश्न मात्र उरला.

तो सुटला १९७६ मध्ये, म्हणजे विचारल्यापासून १२४ वर्षांनी. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील केनेथ अ‍ॅपल आणि वोल्फगांग हाकेन यांनी दाखवले की कोणत्याही नकाशात काही ठरावीक प्रकारच्या रचनांपैकी एक तरी सापडतेच. अशा रचना दीड ते दोन हजारांच्या दरम्यान होत्या. त्यांतली प्रत्येक रचना चार रंगांच्या आड येत नाही, हे तपासायला संगणकाला हजाराहून अधिक तास लागले. पुष्कळ गणिती नाराज झाले. माणसाने वाचून न तपासलेली गोष्ट सिद्ध कशी मानायची, असा त्यांचा सवाल होता. पुढे इतरांनी ती वेगळ्या रीतीने, कमी रचना घेऊन, पुन्हा तपासली. २००५ मध्ये प्रत्येक पायरीची संगणकाकडून तर्कशुद्ध पडताळणीही झाली. आता शंका उरलेली नाही. आणि या साऱ्याच्या तळाशी केम्पे यांचीच जुनी कल्पना आहे. चूक झाली म्हणून त्यांची मेहनत वाया गेली नाही.

जमीन सोडली की

चार आणि पाच यांतला हा अडसर सपाट जमिनीचा आहे. आकार बदलला की नियम बदलतो.

मेदूवड्यासारख्या, मध्ये भोक असलेल्या आकारावर सात प्रदेश असे आखता येतात की सातही एकमेकांना लागतील. हेही हीवुड यांनी १८९० मध्येच दाखवले. त्यामुळे वड्यावरच्या नकाशाला सात रंग लागू शकतात, आणि सात नेहमी पुरतात. घन आकारांतही हे पाहता येते. रमजानमध्ये आपण तळतो तो फुगीर त्रिकोणी समोसा घ्या. ढोबळमानाने त्याच्या चार बाजू आहेत आणि प्रत्येक बाजू उरलेल्या तिन्ही बाजूंना लागते. सपाट बाजूंचा आणि भोक असलेला, सात बाजूंपैकी प्रत्येक बाजू उरलेल्या सहांना लागेल असा आकार हंगेरीच्या लायोश सिलाशी यांनी १९७७ मध्ये शोधला.

आणि उंचीही वापरायची मुभा दिली तर मग मर्यादाच उरत नाही. आइसक्रीमच्या दहा काड्या घ्या. पाच काड्या टेबलावर शेजारी शेजारी उभ्या मांडा. त्यांच्यावर दुसऱ्या पाच आडव्या ठेवा. आता खालची पहिली आणि वरची पहिली जिथे एकमेकींवर येतात तिथे चिकटवा. तशीच दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी. पाच जोड्या झाल्या. प्रत्येक जोडी दुसऱ्या प्रत्येक जोडीला टेकलेली दिसेल. पाचाऐवजी पन्नास घेतल्या तरी हेच होईल.

म्हणजे नानांची अट शेतात पाळणे अशक्य होते, पण दुमजली घरात शक्य होते! खाली पाच लांब खोल्या उभ्या, वर पाच लांब खोल्या आडव्या. प्रत्येकाला खालची एक, वरची एक, आणि जिथे त्या एकावर एक येतात तिथे जिना. कुणीही कुणालाही परका राहणार नाही. मी हे अम्मीला सांगितले, तेव्हा ती हसून म्हणाली, "कापूस काय गच्चीवर पेरणार होतो का?"

घरी करून पाहा

सुट्टीच्या दिवशी दस्तरखान उचलले की मुलांना घेऊन बसा आणि यवतमाळ जिल्ह्याचा तालुक्यांचा नकाशा पुढे ठेवा. १६ तालुके आहेत : यवतमाळ, बाभूळगाव, कळंब, राळेगाव, नेर, दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, महागाव, उमरखेड, घाटंजी, केळापूर, मारेगाव, वणी आणि झरी जामणी. चार रंगांत ते रंगतीलच, याची हमी मी इथे बसून देते. पण तीनमध्ये रंगतील का? जिल्ह्याच्या मध्यावरचा असा एखादा तालुका निवडा, ज्याच्या चारही बाजूंना आपलेच तालुके आहेत. त्याच्याभोवतीचे शेजारी मोजा. संख्या विषम निघाली तर तीन रंगांचा प्रश्नच मिटला. सम निघाली तर पुढचा तालुका तपासा. मुलांनी उत्तर सांगितले की एकच विचारा : कशावरून?

दुसऱ्या जिल्ह्यांत राहणाऱ्या वाचकांनी आपला जिल्हा घ्यावा. समुद्रकाठच्या जिल्ह्यांभोवती कडे पूर्ण होत नाही, तिथे काय होते ते पाहावे. देशाचा नकाशा रंगवताना पुद्दुचेरीकडे लक्ष असू द्या. त्याचे चार तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि सगळ्यांना एकच रंग हवा असेल तर 'वाटा एकसंध हवा' ही आपली पहिली अट मोडते. मग चार रंगांची हमीही उरत नाही.

हा नुसता खेळ नाही. शाळेचे वेळापत्रक करताना मी हेच करते. ज्या दोन तासांना एकच शिक्षक किंवा एकच वर्ग लागतो, ते दोन तास 'शेजारी' मानायचे, आणि शेजाऱ्यांना एकच वेळ द्यायची नाही. इथे रंगाच्या जागी वेळ येते. परीक्षांच्या तारखा अशाच ठरवता येतात. फक्त तिथे सपाट कागदाचे बंधन नसते, म्हणून चारच पुरतील असे नसते.

शेताचे काय झाले

दोन मामूंचा अबोला पुढे दोन महिने टिकला. पेरणी जवळ आली. तेव्हा शेजारच्या शेतातले एक म्हातारे चाचा घरी आले. त्यांना ना मोबियस माहीत होते ना मी. त्यांनी अंगणातल्या रेघा पाहिल्या आणि विचारले, "तुमचे अब्बा धुरा कशासाठी मागत होते? एकमेकांकडे जाता यावे म्हणूनच ना? मग धुरे राहू द्या. विहीर सगळ्यांची ठेवा आणि रस्त्यापासून विहिरीपर्यंत पांदण सोडा. पांदण सगळ्यांना लागेल असे बघा."

तसेच झाले. प्रत्येकाने आपल्या वाट्यातून थोडी थोडी जमीन सोडली. विहिरीभोवती पाच शेते आली आणि पहिल्या व पाचव्या शेताच्या मधून पांदण रस्त्याला मिळाली. आज अम्मीच्या दोन एकरांपासून कोणत्याही मामूच्या शेतात जायला कुणाच्या उभ्या पिकातून बैलगाडी न्यावी लागत नाही. मंझले मामू पाचव्या शेतात आहेत. पहिले शेत बडे मामूंचे. त्यांचा आपसांत धुरा लागत नाही, मध्ये पांदण आहे. संध्याकाळी दोघे तिथेच बसलेले असतात.

मागच्या ईदला मी दोघांना ती पायवाटा आणि कप्प्यांची सिद्धता कागदावर काढून दाखवली. मंझले मामूंनी चष्मा लावून पाचवी विहीर चारही कप्प्यांत ठेवून पाहिली. मग कागद बडे मामूंकडे सरकवला आणि म्हणाले, "भाईजान, त्या रात्री मी तुम्हाला उगीच बोललो."

त्याच कागदाच्या मागे माझ्या भाचीने शेताचा नकाशा रंगवला. ती म्हणाली, विहिरीला रस्ता नसता तर पाच शेतांचे कडे पूर्ण झाले असते आणि यवतमाळसारखे चार रंग लागले असते. पांदणीने कडे उघडले, म्हणून तीनच पुरले : विहीर आणि पांदण लाल, शेते पिवळी, हिरवी, पिवळी, हिरवी, पिवळी. दोन्ही टोकांना मामूंची शेते आहेत आणि दोन्हींचा रंग एकच आहे.